दिवाळीनंतरचा पट : शिक्षकाची ओळख घडते कुठे?

पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्याच्या पश्चिम भागात आहे. (आदर्श गाव म्हणून राज्यभर गाजलेले पाटोदा हे नव्हे, ते छत्रपती संभाजीनगरजवळचे.) मांजरा नदी याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते आणि दूरवरच्या जिल्ह्यांची तहान भागवते; उगमाकडची माणसे मात्र दरवर्षी पोटासाठी घर सोडतात. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, हाताला दुसरे काम नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसे परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र आणि कारखान्याचा गळीत हंगाम जवळजवळ एकमेकांवर बसतात. ऑगस्टमध्ये भरलेला वर्ग डिसेंबरमध्ये तसाच भरलेला दिसेल याची खात्री इथल्या गुरुजींना देता येत नाही. ‘मी शिक्षक आहे म्हणजे नेमका कोण आहे’ हा प्रश्न त्यामुळे इथे चर्चासत्रापुरता उरत नाही. पटावर नाव आहे पण मूल समोर नाही, अशा वेळी शिक्षक काय करतो, यावरून तो कोण आहे हे ठरत जाते.

शिक्षकाच्या व्यावसायिक ओळखीवर गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर भरपूर लिहिले गेले. नेदरलँड्समधल्या बेयार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली तोवरच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यातली एक गोष्ट पुढे सर्वमान्य झाली. ही ओळख नेमणुकीच्या आदेशासोबत हातात पडत नाही. ती सतत घडत-मोडत राहते आणि एकाच शिक्षकात अशा अनेक ओळखी एकत्र नांदतात. त्या घडवणाऱ्या शक्तींपैकी दोन शक्तींवर स्वतंत्र परंपरा उभ्या राहिल्या. पहिली काळजीची. नेल नॉडिंग्ज यांनी 1984 साली मांडले की काळजी हा निव्वळ भाव नसून नाते आहे आणि ती समोरच्यापर्यंत पोचली, त्याने तिला प्रतिसाद दिला, तरच ती पूर्ण होते. दुसरी परंपरा चौकशीची, म्हणजे आपल्याच वर्गाकडे प्रश्न घेऊन पाहण्याची. लॉरेन्स स्टेनहाउस यांनी 1975 साली इंग्लंडमध्ये आग्रह धरला की शिक्षक स्वतःच्या अध्यापनाचा अभ्यास करत नसेल तर अभ्यासक्रम कितीही सुधारला तरी तो कागदावरच राहतो. गंमत अशी की या दोन परंपरा एकमेकींच्या अंगणात फारशा जात नाहीत. काळजीवर लिहिणारे जिव्हाळ्याबद्दल बोलतात, चौकशीवर लिहिणारे पुराव्याबद्दल. पाटोद्यासारख्या तालुक्यातून पाहिले तर ही फारकत टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. चौकशीवाचूनची काळजी इथे कणवेत विरते, काळजीवाचूनची चौकशी फायलीत जाते आणि दोन्ही ठिकाणी शिक्षक हा शिक्षक म्हणून उणा होतो.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात परकीय पुस्तकांपासून करण्याचे कारण नाही. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, त्यांना त्या मुलांत मिसळायला संकोच वाटू नये, अशी मागणी केली होती. मुलांच्या गरजा कळायच्या तर त्यांच्या घरादाराची ओळख हवी, एवढा साधा आणि आजही पचायला जड असलेला तो मुद्दा होता. मराठवाड्यात तर शिक्षकपण आणि लोकांचे जगणे यांत अंतर राखणे निजामी राजवटीत शक्यच नव्हते. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवत होते, 1935 च्या सुमाराला ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. सामान्य मराठी मनातला ‘गुरुजी’ मात्र घडवला तो साने गुरुजींनी. अमळनेरच्या शाळेतले सहा वर्षांचे त्यांचे शिक्षकपण आणि त्यानंतरचे लेखन यांतून मुलांसाठी जीव टाकणारा, डोळ्यांत पाणी असणारा शिक्षक हा आपला आदर्श बनला. त्या आदर्शाचे मोल कमी करायचे नाही. पण त्याची एक बाजू अपुरी राहिली. प्रेम पुरेसे असले की बाकीचे आपोआप जुळते, असा समज त्याने नकळत रुजवला.

माझ्या मते आपल्या प्रश्नासाठी त्याहून जवळचा आदर्श ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात सापडतो. 1945 साली बोर्डीला सुरू झालेले ग्राम बालशिक्षा केंद्र 1957 मध्ये कोसबादच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी पालकांच्या अज्ञानावर बोट ठेवले नाही. मुले कुठे असतात, हे पाहिले. लहानगी पाड्यावरच्या अंगणात असतात, म्हणून अंगणात बालवाडी भरवली. मोठी मुले गुरांमागे असतात, म्हणून शाळा कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मूल शाळेबाहेर राहते याची बोच ही काळजी. ते का राहते, दिवसाच्या कोणत्या वेळी कुठे असते, तिथे त्याच्या हातात काय असते, हा शोध ही चौकशी. एकीशिवाय दुसरी झालीच नसती. या कामातून ‘बालशिक्षिका’ ही एक नवी व्यावसायिक ओळखही जन्माला आली, जी आधी महाराष्ट्रात जवळजवळ नव्हतीच. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले तेव्हाही शिक्षकाने आपल्या वर्गाविषयी विचार करणे आणि त्याविषयी लिहिणे हा तिथल्या कामाचाच भाग होता. ही दोन्ही उदाहरणे सरकारी चौकटीबाहेरची आहेत हे खरे, आणि त्यावर आक्षेप येणार हेही खरे. त्याकडे पुढे येऊच.

पाटोद्याच्या जिल्हा परिषद शाळांत काळजी सरकारी रूपात पोचली आहे, आणि ते रूप तुच्छ नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. आईबाप फडावर गेले तरी मूल आजीजवळ किंवा नातलगाकडे राहावे आणि दोन वेळचे जेवण मिळून शाळेत टिकावे, ही त्यामागची कल्पना. जे मूल जातेच त्याच्यासोबत शिक्षण हमी पत्रक द्यायचे, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येईल. स्थलांतर रोखणाऱ्या, शाळाबाह्य मुलांना परत आणणाऱ्या शिक्षकांची ‘बालरक्षक’ चळवळ राज्यभर उभी राहिली. 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. तिला नाव दिले गेले ते संत भगवानबाबांचे, ज्यांचे जन्मगाव सावरगाव याच तालुक्यात आहे. हे सगळे हवेच. परंतु अमेरिकेत ह्यूस्टनच्या शाळेतल्या मेक्सिकन वंशाच्या मुलांचा अभ्यास करून अँजेला व्हॅलेन्झुएला यांनी 1999 मध्ये जो भेद दाखवला तो इथे नेमका लागू पडतो. एक काळजी शाळेच्या कामकाजाची असते: हजेरी, गुण, कागद. दुसरी त्या मुलाच्या जगण्याची. पहिली काटेकोर असूनही मुलाला वाटू शकते की इथे माझे कुणी नाही. हमी पत्रक दिले, नोंद झाली, पण कारखान्याच्या गावातल्या शाळेत ते मूल एक दिवस तरी गेले का, तिथल्या वर्गात त्याला कुणी काय विचारले, हे पाठवणाऱ्या शिक्षकाला कळले नाही तर नॉडिंग्ज यांच्या कसोटीवर ती काळजी अर्धीच ठरते.

इथून पुढचा भाग चौकशीचा आहे आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. मूल चार-पाच महिन्यांनी परत येते तेव्हा त्याचे काय हरवलेले असते? ‘सगळेच विसरलंय’ हे उत्तर शिक्षकखोलीत सहज मिळते, आणि बहुधा ते चूक असते. वाचनाचा वेग गेला की अक्षरओळखच गेली? वजाबाकी विसरला की वजाबाकी लिहिण्याची रीत विसरला? ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात कॅराहर, श्लीमान आणि सहकाऱ्यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास यासाठी प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांनी विक्री करताना विचारलेल्या हिशेबांपैकी 98 टक्के बरोबर सोडवले. तीच आकडेमोड शाळेतल्या पद्धतीने कागदावर मांडून दिली तेव्हा बरोबर उत्तरे 37 टक्क्यांवर आली. मुले अगदी थोडी होती, पण पुढे इतरत्र असेच चित्र दिसत गेले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी धारावीतल्या, घरच्या धंद्यात हात लावणाऱ्या मुलांकडे असलेल्या गणिती जाणिवेचा अभ्यास केला आहे. फडावर राहून आलेल्या मुलाच्या कानावर टनाचा भाव, उचलीतून फिटलेली रक्कम, दिवसभरात बांधलेल्या मोळ्या हे सगळे पडलेले असते. त्यातले त्याच्या डोक्यात काय साठले आणि शाळेच्या गणिताशी ते कुठे जोडता येईल, हे कोणत्याही राज्यस्तरीय चाचणीतून कळणार नाही. ते त्या वर्गात रोज उभा राहणाऱ्या माणसालाच कळू शकते. शिक्षकाच्या व्यवसायाला स्वतःचे असे ज्ञान आहे का, असा प्रश्न विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे: आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला मिळवता येत नाही.

अशा चौकशीची आपल्या व्यवस्थेत सोयच नाही असे नव्हे. सोय आहे, तिचा जीव गेला आहे. कृतिसंशोधन अध्यापक विद्यालयात शिकवले जाते. प्रकल्प लिहिला जातो, बांधला जातो, कपाटात जातो. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद दरवर्षी नवोपक्रम स्पर्धा घेते. स्पर्धेतून चांगले काम कधीकधी पुढे येते, पण स्पर्धेला यशोगाथा लागते आणि खऱ्या चौकशीत निम्म्या वेळा ‘हे जमले नाही’ असे निघते. फसलेल्या प्रयोगाला बक्षीस देणारी स्पर्धा निघेल तेव्हा पाहू. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटची कथा याहून बोलकी आहे. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीवर मनापासून काम केले. जून 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि राज्यभरातून शिक्षकांच्या तुकड्या कुमठ्याला जाऊन पाहू लागल्या. मग त्याची नक्कल म्हणून गावोगावी वर्गाच्या फरश्या रंगल्या. कुमठ्याच्या शिक्षकांनी प्रश्न विचारत जे शोधले होते ते बाकीच्यांकडे ऑइल पेंटच्या रूपात पोचले. यात रंगवणाऱ्या शिक्षकांचा दोष कमी. उत्तर हातात दिले जाते आणि प्रश्न दिला जात नाही, तेव्हा शिक्षकाची ओळख अंमलबजावणी करणाऱ्याची होते. शिक्षणतज्ज्ञ कृष्णकुमार यांनी भारतीय शिक्षकाला ‘दुबळा हुकूमशहा’ म्हटले ते याच अर्थाने: वर्गात सर्वाधिकारी, वर्गाबाहेर कारकुनाहून खालचा. याउलट मध्य प्रदेशातला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 ते 2002 अशी तीस वर्षे सरकारी शाळांतच चालला आणि त्यात शिक्षकांच्या मासिक बैठका हा कणा होता. प्रयोग का फसला, मुलांनी काय विचारले, यावर तिथे बोलणे होई. म्हणजे सरकारी चौकटीत हे होतच नाही, हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. मात्र राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला, ही त्याच इतिहासाची दुसरी बाजू आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा की काळजीच्या नावाखाली अपेक्षा खाली येतात. ‘बिचारी ऊसतोडीची पोरं, एवढं आलं तरी खूप’ हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते आणि त्यानेच मुलाचे नुकसान होते. शिवाय कणव जातीपातीच्या उतरंडीतूनही झिरपते; कोणाच्या मुलाकडून किती अपेक्षा ठेवायची याचे हिशेब मनात आधीच मांडलेले असतात. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच काळजीला चौकशीची जोड हवी असे म्हणतो. अलास्कातल्या आदिवासी मुलांच्या शिक्षकांचा अभ्यास करून ज्युडिथ क्लाइनफेल्ड यांनी 1975 सालीच दाखवले होते की मुलांशी आपुलकीने वागणारे आणि त्याच वेळी अभ्यासाच्या बाबतीत ठाम राहणारे शिक्षक सर्वांत परिणामकारक ठरतात. नुसते मायाळू नव्हेत आणि नुसते कडकही नव्हेत. मूल नेमके कुठे अडले आहे हे ठाऊक असलेला शिक्षकच त्याच्याकडून पुढची पायरी मागू शकतो. ज्याला ते ठाऊक नाही तो एकतर सोडून देतो किंवा रागावतो.

मुलींच्या बाबतीत हे आणखी तीव्र होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 44 टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. त्यामागे उसाचे अर्थकारण आहे: लग्न झाले की नवा कोयता तयार होतो, आणि वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची हा आईबापांचा खराखुरा पेच असतो. सातवी-आठवीतल्या मुलीची गैरहजेरी वाढते आहे हे हजेरीपटावर सर्वांत आधी वर्गशिक्षिकेला दिसते. ती त्याचा माग काढते की गैरहजेरीचा शेरा मारून पुढे जाते, इथे तिची व्यावसायिक ओळख ठरते. काळजी हे बाईचे उपजत काम, ते व्यवसायात मोजायचे कशाला, असे मानणाऱ्यांनी या ठिकाणी थांबून विचार करावा. माग काढायला धैर्य लागते, कायद्याची माहिती लागते, गावातली माणसे ओळखावी लागतात. उपजत मायेने हे होत नाही.

दुसरा आक्षेप संघटनांकडून येतो आणि तोही रास्त आहे. शिक्षकाने मुलांची काळजी घ्यावी, संशोधन करावे, स्थलांतर थांबवावे, सगळे शिक्षकानेच करायचे तर सरकार काय करणार? 2000 साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला महिन्याला 3,000 रुपये मानधन होते. ते 16,000 व्हायला 2023 उजाडले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर बिगरशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे, तरी ऑनलाइन माहित्या भरण्यात दिवस जातो हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. काळजी ही फुकटची सेवा समजली की ती शोषणाचे साधन होते, यात शंका नाही. पण या आक्षेपाचा निष्कर्ष काळजी सोडून द्यावी असा निघत नाही. काळजीसाठी कामाच्या वेळेत जागा मागावी असा निघतो. डॉक्टर रुग्णाची विचारपूस करतो म्हणून कुणी त्याचा पगार कापत नाही.

हजेरी आणि उत्तरदायित्वाचा मुद्दा पुढे करणाऱ्यांशीही थोडा वाद आहे. क्रेमर आणि सहकाऱ्यांच्या 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत एका दिवशी 25 टक्के शिक्षक गैरहजर आढळले; त्यात महाराष्ट्राचा आकडा सर्वांत कमी, 14.6 टक्के होता. अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या 2017 मधल्या अभ्यासाने रजा, प्रशिक्षण, सरकारी काम अशी कारणे वेगळी काढली तेव्हा विनाकारण गैरहजेरी सुमारे अडीच टक्क्यांवर आली. शिक्षक शाळेत असतो. तिथे त्याचे मन कशात गुंतलेले असते हा खरा प्रश्न आहे, आणि तो बायोमेट्रिक यंत्राने सुटत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा बंधनकारक ठरवली आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांना ती उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षे दिली. विषयज्ञानाची किमान पातळी हवी, याला माझा विरोध नाही. पण पंधरा-वीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या माणसाने आपण शिक्षक असल्याचे सिद्ध करण्याचा एकच मार्ग पर्यायांपुढचे गोल काळे करणे हा असेल, तर त्या पंधरा-वीस वर्षांत त्याने वर्गात जे शोधले त्याची नोंद आपण कुठेच ठेवली नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

तिसरा आक्षेप विद्यापीठातून येतो: एका द्विशिक्षकी शाळेतल्या एका वर्गाचे निरीक्षण म्हणजे संशोधन नव्हे. नमुना लहान, निरीक्षक पक्षपाती, निष्कर्ष इतरत्र लागू न होणारे. खरे आहे. मात्र स्टेनहाउस यांची अट लक्षात घ्यावी: चौकशी पद्धतशीर असावी आणि ती इतरांसमोर मांडलेली असावी. मांडली की दुसरा शिक्षक ती आपल्या वर्गात पडताळतो, खोडतो, सुधारतो. ज्ञानाची खात्री या पडताळणीतून होते. मराठी शिक्षकांकडे त्यासाठी जुनी जागाही आहे. ‘जीवन शिक्षण’ मासिकाची परंपरा 1861 च्या ‘मराठी शाळापत्रका’पर्यंत मागे जाते, दीडशेहून अधिक वर्षे शिक्षकांसाठी मासिक चालवणारी भाषा शिक्षकाला लिहिता येत नाही असे म्हणू शकत नाही.

एक अडचण मात्र खरोखर अवघड आहे: बदल्या. 2017 पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होऊ लागल्या. वशिलेबाजीला त्यामुळे आळा बसला, हे चांगलेच झाले. पण बदली झाली की कोणत्या वस्तीवरची कोणती घरे कोणत्या कारखान्याला जातात, कोणते मूल कशात अडते, ही सगळी माहिती शिक्षकासोबत निघून जाते. नव्याला पहिल्यापासून सुरुवात. त्यात बरेच शिक्षक तालुक्याच्या गावाहून ये-जा करतात. मुख्यालयी राहण्याच्या अटीवरून दरवर्षी वाद होतो आणि तो घरभाड्याच्या पलीकडे जात नाही. फुल्यांचा मुद्दा इथे पुन्हा उभा राहतो. मुक्कामाची सक्ती करून तो सुटणार नाही. सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा शिक्षकही फडाला गेलेल्या घराचा फोन नंबर जवळ ठेवू शकतो, ठेवतोही. त्या ओळखीला शाळेच्या दप्तरात मान मिळत नाही, हे दुखणे आहे.

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद ही त्यावरची हाताशी असलेली जागा आहे. तिथे आज बहुतांश वेळ वरून आलेल्या सूचना खाली सांगण्यात जातो. गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि अंबाजोगाईची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था यांना एवढीच विनंती आहे: दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आणि पट्टा पडल्यानंतरच्या, अशा दोन परिषदांचा अर्धा दिवस सूचनांपासून मोकळा ठेवा. पहिल्या दिवशी प्रत्येक शिक्षकाने जाणाऱ्या मुलांपैकी दोघांविषयी, त्यांना आज काय येते हे लिहून आणावे. दुसऱ्या दिवशी त्याच दोघांविषयी, परत आल्यावर काय आढळले ते. बदली झाली तर ते कागद शाळेतच राहावेत. यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही आणि फोटो काढून वर पाठवण्याचीही गरज नाही.